मैनेचा एक धागा जास्त

...आता तो आवाज मी ऐकला होता, हे मी नाकारत नाही. तेरा वर्षं झाली त्याला. सकाळची वेळ, विटभट्टीमागच्या बाभळीखाली माझी म्हातारी गाढवी व्यालेली, शिंगरू अजून ओलं, चार पाय चार दिशांना, आणि त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली ती घोड्यासारखी, बारीक, थरथरती, वर वर चढत गेलेली, आणि मग मधेच कुठंतरी वाट चुकली, धपकन खाली आली आणि गाढवासारखी संपली. मी हातात पोतं घेऊन उभा. कौशल्येला म्हटलं, "अवं, आयकलं काय?" कौशल्या म्हणजे आमची मालकीण, ती म्हणाली, "सर्दी झाली असंल. इतका वेळ वल्यात पडून हाय बिचारी." झालं. सर्दी. तेरा वर्षं मी त्या सर्दीवर काढली. आवाज असा म्हणून नाव ठेवलं मैना, आणि सर्दी बरी व्हायची वाट पाहत बसलो.

आणि आता कागद आला आहे. बोथ गावच्या जनावरांच्या दवाखान्यातून, शिक्का मारलेला, सगळा इंग्रजीत, वर एक फोटो. फोटोत काळे काळे किडे रांगेत उभे. ते किडे नाहीत म्हणे, ते मैनेच्या अंगातले धागे आहेत. धागे हा माझा शब्द, डॉक्टरीणबाई गुणसूत्रं म्हणतात. गाढवाच्या अंगात असे बासष्ट असतात, घोड्याच्या अंगात चौसष्ट, आणि माझ्या मैनेच्या अंगात निघाले त्रेसष्ट. एकच जास्त. तुम्हीच सांगा, आमच्या घरात कधी काही जास्त निघालं आहे काय? ज्वारी मापली तर पायली भरत नाही, दात मोजले तर मधे मधे खिडक्या, पोरगा बेल्लमपल्लीला खाणीत गेला तर जेवायला बसणारी माणसं दोनच. आणि जिथं निघायला नको, तिथं निघालं. एकच जास्त.

पण माझं दुखणं मैना नाही. माझं दुखणं दौलत. कागद आला तेव्हा पहिलं मनात आलं, हा दौलतला कोण सांगणार?

थांबा, मी उलटं सांगून राहिलो. मी कमी बोलणारा माणूस. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर दोन भाकऱ्या भाजून होतात, असं कौशल्या म्हणते, आणि तिची भाकरी काही पातळ नसते. पण तुम्ही बसलाच आहात, तर पहिल्यापासून ऐका.

दौलत आणि मी, आम्ही दोघं एकाच भट्टीवर गाढवांनी विटा वाहायचो. तीस वर्षं. डोंगरावरच्या गुड्यांवर, म्हणजे गोंडांच्या पाड्यांवर, जिथं ट्रॅक्टर जात नाही तिथं, घरकुलाच्या विटा, वाळू, सिमेंट आमच्याच गाढवांनी वर नेलं. त्याची शिदोरी मी खायचो, माझी तो. त्याची बायको मनकर्णावहिनी मला भावजी म्हणायच्या, आणि ठेचा वाढताना माझ्या बाजूला मुद्दाम जास्त वाढायच्या, मला तिखट सोसत नाही हे माहीत असून.

तर दौलतकडे एक नर होता. सरदार. एवढासा आणला होता, मनकर्णावहिनींच्या हातची भाकर खाऊन मोठा झालेला. काळाभोर, पाठीवर पट्टा, आणि चालणं असं की विटा नाही, नवरदेव वाहून राहिला. आमच्याकडे रीत आहे. नर वयात आला की त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचं, आणि त्याची पहिली जोडी लावायची ती गावातल्या सगळ्यात देखण्या गाढवीशी. तीन मोसम तीच जोडी. मोडायची नाही. शिंगरू झालं तर नराचं नाव झालं, मग लोक लांबून गाढव्या घेऊन येतात. तीन मोसमांत नाही झालं तर नर खाली, म्हणजे वांझ ठरला. घुंगरू काढायचं, विषय संपला.

आता गावातली सगळ्यात देखणी गाढवी कोणाची? माझी. मैना. उंच, पाठ सरळ, कान आखूड, शेपटीला गोंडा असा की बायकांनी हेवा करावा. निर्मलच्या बाजारात लाकडी खेळणी असतात ना रंगवलेली, तशी. लोक म्हणायचे, नागोराव, ही गधी नाही, ही तर घोडीच हाय. आणि मी मिशीवरून हात फिरवायचो. अहो, लोक तोंडावर खरं सांगत होते आणि मी मिशीवरून हात फिरवत होतो.

पहिला मोसम गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. शिंगरू नाही.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. अशा वेळी निवाडा द्यायला पांडुरंगराव. त्यांची जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि दारात एक पांढरा घोडा, तो लक्षात ठेवा. दौलत उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मोठ्या भावाकडे पाहावं तसं, आणि म्हणाला, "नागोबा, राग मानू नको. पन तुह्या मैनेचा आवाज आयक एकदा. तिचे कान पाह्य. मले ते गधी वाटत नाई गा. माह्या सरदारले दुसरी गधी दाखवून पाहू."

सगळे हसले. म्हणजे मैनेला हसले, म्हणजे मला हसले. आणि मी, ज्याचं वाक्य दोन भाकऱ्यांचं असतं, तो मी ताडकन बोललो, "माह्या पोरीवानी जनावराले नावं ठेवतं काय? तुहाच गधा खाली हाय, दौलत." आयुष्यात एकच वाक्य मी पटकन बोललो, ते हे.

पांडुरंगरावांनी पान खाल्लं, मान हलवली, "रीत म्हंजे रीत. सोडा रे घुंगरू." दौलतनं कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः सोडलं. गाठ घट्ट बसली होती, दातानं सोडावी लागली. तेवढा वेळ सरदार त्याचा कान हुंगत उभा, त्याला वाटलं मालक लाड करून राहिला.

खाली ठरलेल्या नराला कोणी रांगेत पुढं चालू देत नाही. मागं ठेवलं की तो भांडतो, लाथा घालतो, विटा पाडतो. भट्टीवाल्यानं महिनाभरात सांगितलं, हे जनावर नको. मग दौलत त्याला माळेगावच्या जत्रेत घेऊन गेला. मीही गेलो होतो, दोरखंड घ्यायला. बोलणं बंद झालेलं, म्हणून दोन गाड्यांच्या आडून पाहत होतो. गिऱ्हाईक आलं, खाली समुद्राकडचं, ट्रकवालं. आता तुम्हाला सांगतो, ओझ्यासाठी गाढव घेणारा माणूस आधी पाठ पाहतो, मग खूर पाहतो, मग दात. या माणसानं पाठ पाहिली नाही. त्यानं मांडी दाबून पाहिली.

मला कळलं. दौलतलाही कळलं असेल. तिकडे काही लोक गाढव खातात, हे आमच्या धंद्यात पोराटोराला माहीत आहे. पण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, घुंगरू नसलेल्या नराला कोण विचारतं? मी एक पाऊल पुढं टाकायचं होतं. म्हणायचं होतं, दौलत, चल घरी, माह्या मैनेसंगं राहील तोही. एक पाऊल. त्या दिवशी माझ्या नव्या वहाणा चावत होत्या, हे मी कौशल्येला कारण सांगितलं.

मनकर्णावहिनी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. मी सगळ्यात मागं उभा होतो. शेवटचं पाणी पाजायला नाव घेतलं नाही कोणी माझं, आणि मीही गर्दीतून वाट काढली नाही.

आता याच्यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. सरदार गेल्यावर मी मैनेला गुपचूप किनवटकडे नेली. तिथं एक नर होता, घुंगरूवाला, पंचवीस शिंगरांचा बाप. एक मोसम गेला. दुसरा गेला. काही नाही. आता माणसाला अक्कल असती तर त्यानं त्याच दिवशी दौलतच्या दारात जाऊन डोकं टेकवलं असतं. मी काय केलं? मी घरी येऊन म्हटलं, किनवटचं पाणी मैनेला मानवलं नाही.

सात वर्षं अशी गेली. आणि यंदा या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली, प्रीती मॅडम. पोर इकडचीच, तिच्या आजोबांनी आणि मी एका बांधावर बसून भाकर खाल्लेली, शेतमजुरीच्या दिवसांत. आता ती गाढवांची मोजदाद करून राहिली, गाढवं संपून चालली म्हणून चांगल्या गाढव्यांची नावं लिहून घेते, औषध फुकट, चारा फुकट, पण शिंगरं झाली पाहिजेत. मैनेला पाहिल्याबरोबर तिनं चष्मा वर केला.

"बाबाजी, हिला शिंगरं किती झाली?"

"एकही नाई, मॅडम."

"हिचा बाप कोण होता?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "गधीचा बाप गधाच राह्यते, मॅडम. दुसरा कोन राह्यते?"

तिनं मैनेचे कान दोन बोटांत धरून मापले, शेपटी पाहिली, आणि म्हणाली, रक्त तपासायला पाठवू, लांब उत्तरेकडे मोठी प्रयोगशाळा आहे. रक्ताची एक नळी भरली. म्हणाली, "बाबाजी, या रक्तातल्या पेशी तिथं पोचेपर्यंत जिवंत राहिल्या पाहिजेत. थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही." आणि दवाखान्याचा माणूस सुट्टीवर, म्हणून डबा माझ्या हातात. आदिलाबादला बसनं जायचं, पार्सलवाल्याकडे द्यायचं.

उन्हाळा. बस फाट्यावर बंद पडली. मी डब्याला हात लावून पाहिला, कोमट. आता मैनेचं रक्त जिवंत आहे म्हटल्यावर त्याला ऊन लागू द्यायचं का? मी म्हटलं, थंड चांगलं तर जास्त थंड जास्त चांगलं. मासळीवाल्याकडून बर्फाचा खडा घेतला, फोडला, नळी त्याच्या मधोमध ठेवली, वर फडकं. आणि आदिलाबादपर्यंत त्या डब्याशी बोलत गेलो, जास्त नाही, एक-दोन शब्द. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, पेशी मेलेल्या आहेत, आणि नमुन्याला मासळीचा वास आहे.

दवाखान्यातला नागेश तेलुगू, तो कपाळावर हात मारून म्हणाला, "पेद्दायना, तू रक्ताची कुल्फी करून पाठवली." पेद्दायना म्हणजे म्हातारबाबा. माझ्या हातून आणखी एक मेलं, एवढंच मनात आलं. दुसऱ्या वेळी नागेश स्वतः घेऊन गेला, डब्याला मला हात लावू दिला नाही.

आणि मग हा कागद. मॅडमनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला. डॉक्टर चहा मागवते तेव्हा समजून जावं माणसानं.

"बाबाजी, पिलाच्या अंगात निम्मे धागे आईचे, निम्मे बापाचे. हिच्या आईनं दिले एकतीस. बाप गाढव असता तर त्यानंही एकतीस दिले असते, झाले बासष्ट. हिच्या बापानं दिले बत्तीस."

मी म्हटलं, "म्हंजे बाप दिलदार व्हता."

"बाप घोडा होता, बाबाजी."

चहा माझ्या हातातच राहिला. एकच जास्त, आणि तेवढ्यानं माझी गाढवी गाढवी राहिली नाही. मॅडम हळूहळू सांगत होती, की धाग्यांच्या जोड्या जुळल्या तरच गर्भ राहतो, हिच्यात एकतीस एकीकडचे, बत्तीस दुसरीकडचे, जोड्या जुळतच नाहीत, म्हणून हिला शिंगरू होणं शक्य नाही. मग सहज, कागदाची घडी करता करता, बोलली, "कोणताही नर आणला असता तरी नाही. नराचा काही दोष नाही."

तिनं सहज म्हटलं. तिला काय माहीत. मी तो चहा प्यालो, थंड झालेला, बशी पण चाटून पुसली, कारण मान वर करायची नव्हती.

आता घोडा म्हटल्यावर गावात घोडा किती? एक. मैना जन्मायच्या आदल्या साली पांडुरंगरावांचा पांढरा घोडा दावं तोडून दोन दिवस तुरीच्या रानात फिरत होता, सगळ्या गावानं शोधला. आणि माझी म्हातारी गाढवी चरायला कुठं होती? तुरीच्या रानात. मी कागद घेऊन गेलो त्यांच्याकडे. घोडा आता नाही, पांडुरंगराव आहेत, खुर्चीत, पायाला पट्टी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नागोराव, आमचा घोडा खानदानी व्हता. त्याची आजी निजामाच्या रिसाल्यातली. तो तुह्या गधीकडे पाहील काय?"

"पाहिलं असंल मालक. कागद म्हन्ते."

"कागद खोटा."

"धागे मोजले त्याईनं, मालक. एकच जास्त निघाला."

"एकच ना? मंग एकासाठी काऊन बोंबलून राह्यला? सोडून दे."

म्हणजे पाहा. ज्यानं सरदारचं घुंगरू उतरवायला सांगितलं, त्याच्याच घोड्यानं सरदारचं नशीब चौदा वर्षांपूर्वी तुरीत लिहून ठेवलं होतं, आणि त्याचं म्हणणं, सोडून दे. दौलतला सांगायला चला म्हटलं, तर पट्टीकडे बोट दाखवलं.

घरी कौशल्या. तिला सगळं सांगितलं, किनवटचंही सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं. म्हणाली, "सात वरीस तुमी मैनेचं पानी पाहून राह्यले, अना तिकडं त्या मानसाचं घर पुसलं गेलं." मग परत थापायला लागली. "जाऊन सांगा त्याले. माह्यासमोर कागद नाचवून काय व्हते?"

"तो ऐकून घेईल काय?"

"नाई घेनार. तरी जा."

मी म्हटलं, संध्याकाळी जातो. मग म्हटलं, बुधवारी जातो, बाजार असतो, माणूस खुशीत असतो. बुधवारी म्हटलं, बाजारात चारचौघांत नको. मग कौशल्येनं एके दिवशी सकाळी मैनेचं दावं सोडून माझ्या हातात दिलं आणि दाराला आतून कडी घातली. आपल्याच घराची बाहेरून कडी वाजवत उभं राहायचं हे वय नाही. गेलो.

दौलत आता जनावर ठेवत नाही. भट्टीवर कच्च्या विटा उलटायचं काम करतो, उन्हात एक एक वीट कुशीवर करायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवर. वाकलेला होता. मला पाहिलं, मैनेला पाहिलं, आणि पुढची वीट उलटली.

मी म्हटलं, "दौलत."

वीट.

"दौलत, मैनेचं रक्त तपासलं. ते गधी नाई. घोड्यापासून झाली. तिले कोनत्याच नरापासून शिंगरू झालं नसतं. तू त्या दिवशी पारावर बोलला, ते खरं व्हतं."

वीट. आणखी एक वीट. मी विटांच्या रांगेबरोबर सरकत गेलो, तो वाकून, मी उभा, मैना मागं. मी किनवटचं सांगितलं. जत्रेतलं सांगितलं, की मी दोन गाड्यांच्या आड होतो, त्या माणसानं मांडी दाबली ते मी पाहिलं. तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. विटेवरच थांबला. म्हणजे मी पाहिलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतो, कागद सांगायला गेलो होतो आणि हे सांगून बसलो. डॉक्टरीणबाईंनी एवढी मेहनत करून, इतक्या लांब रक्त पाठवून, कोणाचा दोष नाही असं लिहून आणलं, आणि मी तिथं उभ्या उभ्या स्वतःचा काढून दिला.

मी म्हटलं, "सरदार चांगला व्हता, दौलत. शिवी तरी दे गा."

तो उठला. कंबर धरून, हळूहळू, आता आम्ही दोघंही हळूच उठतो. धोतराला हात पुसले आणि हात पुढं केला. मला वाटलं, मारतो. मी गाल पुढं केला, खरं सांगतो, बरं वाटलं असतं. पण त्याला कागद पाहिजे होता.

दिला. त्यानं तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला, फोटोतल्या त्या काळ्या रांगांवरून मातीचं बोट फिरवत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मोजल्यासारखा. कागद त्यानं उलटा धरला होता. शिक्का खाली, रांगा उलट्या. मला दिसत होतं. मी सांगितलं नाही. दौलतची चूक काढायचं काम मी एकदा केलेलं आहे.

त्यानं पाहणं संपवलं. कागद विटांच्या रांगेवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक कच्ची वीट ठेवली, आणि भट्टीकडे चालत गेला.